टिंबसर

मूळचे लातूरचे हे सर नांदेडच्या एका कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळतात. तिथं डेबियन लिनक्स चालतं, आणि काही प्रोग्रॅम फ्लॅटपॅक या वेगळ्या वेष्टनात येतात. खरं नाव मस्टरवर. पोरं त्यांना टिंबसर म्हणतात.

"सर, फायरफॉक्स उघडंना."

"कोणतं?"

"कोणतं म्हणजे? फायरफॉक्स एकच असतंय की."

"डेबियनचं का फ्लॅटपॅकचं? फ्लॅटपॅकचं असलं तर पूर्ण नाव घ्या. ओआरजी टिंब मोझिला टिंब फायरफॉक्स."

तोवर पोरगं मोबाइलवर काम उरकून मोकळं झालेलं असतं.

खरं तर सरांचं म्हणणं मराठवाड्याला परकं नाही. अहमदपूरच्या स्टँडवर नुसतं "ओ पाटील" म्हणा, अर्धी एसटी वळून बघते. म्हणून आपण गाव जोडतो. फ्लॅटपॅकही तेच करतं, फक्त पत्ता उलटा लिहितं: आधी जिल्हा, मग गाव, शेवटी माणूस. नावात दोन टिंबं तरी हवीतच. शिवाय इंग्रजीतलं मोठं अक्षर वेगळं, लहान वेगळं. ओआरजी टिंब ग्नोम टिंब नॉटिलस यात फक्त नॉटिलसचा एन मोठा. सर हे बोलतानाही पाळतात. मोठं अक्षर आलं की आवाज चढतो, शेजारच्या वर्गातले दचकतात. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, ही आपल्या पूर्वजांची एकच चूक ते मान्य करतात.

हाच नॉटिलस, म्हणजे फाइली दाखवणारा प्रोग्रॅम, पडद्यावर मात्र 'फाइल्स' म्हणून वावरतो. "पाळण्यातलं नाव वेगळं, हाक मारायचं वेगळं," सर म्हणतात, आणि गाडी हमखास 2006 सालावर जाते. डेबियनवाले फायरफॉक्समध्ये आपले बदल करत, बोधचिन्हही वापरत नसत. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने नावाला हरकत घेतली. मग डेबियनने त्याचं नवं बारसं केलं: आइसवीझल. 2016 मध्ये समेट झाला आणि जुनं नाव परत आलं. "दहा वर्षं दुसरं नाव लावून पोरगी नांदली हो," हे सांगताना सरांचा गळा दाटतो. घरच्या लग्नातही इतका दाटला नव्हता, असं त्यांचे मेहुणे सांगतात.

एखादा प्रोग्रॅम उघडला आणि पट्टीवर त्याचं चित्र न येता भलतंच अनोळखी चिन्ह आलं, की सरांची दिवाळी. खिडकी स्वतःला एक म्हणवते, प्रोग्रॅमची नोंद ठेवणाऱ्या डेस्कटॉप फाइलचं नाव दुसरंच. "आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं. तलाठी तरी काय करंल?" असं म्हणत ते फाइलचं नाव दुरुस्त करतात आणि ओळख पटल्याबद्दल सगळ्या वर्गाला चहा पाजतात.

परवा लातूरच्या गंजगोलाईत खरेदीला दोघं नवराबायको दिसले. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं. सर भलत्याच रस्त्याला लागले. वहिनींनी हाक मारली, "अहो!"

पाच-सहा जण वळले. सर सोडून.

"अहो, इकडं!"

आणखी दोघं वळले. सर ढिम्म. नाव अपुरं होतं ना.

वहिनींनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला. नवऱ्याचं नाव घ्यायची त्यांच्यात रीत नाही.

"लातूर टिंब औसा रोड टिंब आमचे हे!"

सर गर्रकन वळले. चेहरा उजळलेला. गर्दीतून वाट काढत जवळ आले आणि हळूच म्हणाले, "'हे'मधला ह मोठा पाहिजे होता."