वही दारात आली की

ग्रामसभा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी शिपाई वही घेऊन दारोदार फिरतो. "काकू, इथं सही करा." काकू रानातून नुकत्याच आलेल्या, हात मातीचे. कशाची सही, हे ना त्या विचारतात ना तो सांगतो. वरची जागा कोरी असते. तिथं मागाहून 'सर्वानुमते मंजूर' उमटतं. मला राग येतो तो त्या 'सर्वानुमते'चा.

कायदा काही अवघड मागत नाही. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं आली की गणपूर्ती झाली. तीन हजार मतदारांच्या गावात फक्त शंभर! हळदीच्या जेवणाला याहून जास्त पानं उठतात. पण तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग मूठभर माणसं वर्षाचा आराखडा ठरवतात: कुठल्या गल्लीत काँक्रीट, कुठल्या वस्तीला नळ, घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव वर. वस्तीवरचा माणूस तेव्हा कामावर असतो. सकाळी अकराची सभा म्हणजे त्याचा रोज बुडाला. वेळ ठरवणाऱ्यांना हे कळत नसेल, असं मी मानत नाही.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. गोंडांचं लहानसं गाव. तिथं बहुमतानं निर्णय होत नाही. एकाचाही विरोध असला तरी विषय पुन्हा चर्चेला येतो, सगळे राजी होईपर्यंत. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी वनखात्यानं अडवून धरलं. गाव हटलं नाही. एप्रिल 2011 मध्ये परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्या गावात 'सर्वानुमते' लिहायला किती बैठका लागत असतील!

आणि कोल्हापुरातलं हेरवाड. नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असा ठराव मे 2022 मध्ये या गावानं केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. एका गावचा ठराव मंत्रालयाला पुढची वाट दाखवू शकतो, एवढं बळ त्या वहीत आहे.

म्हणून म्हणतो, सभा जेवणं उरकल्यावर घ्या, वस्तीवरच्या समाजमंदिरात घ्या. माणसं उठायच्या आत इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवा आणि सह्या तिथंच घ्या. दुसऱ्या दिवशी वही दारात आली तर काकू, पेन हातात घेऊ नका. वरचं कोरं पान आधी भरून आणायला सांगा.