बुडाला भोक

आमच्या घरच्या ब्रेडला भोक आहे. बुडाला, बरोबर मधोमध, अंगठा जाईल एवढं. ब्रेड कापला की मधल्या तीन स्लाइसच्या खालच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखी खाच दिसते. सँडविच केलं तर त्या खाचेतून चटणी शर्टावर उतरते. मुलीला शाबूत स्लाइस लागतात, आईला मऊ लागतात, बायको मैदा खात नाही. खाचवाल्या तिन्ही स्लाइस ब्रेडचं यंत्र ज्याने आणलं त्याच्या वाट्याला येतात, असा घरात ठराव झाला आहे. ठरावाच्या वेळी मी ऑफिसात होतो.

यंत्र आणण्यामागे २०१६ सालची बातमी होती. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने पाव-ब्रेडचे ३८ नमुने तपासले आणि ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. पुढच्याच महिन्यात सरकारने ब्रोमेटवर बंदी घातली. पण आमच्या घरी कुठल्याही बातमीचा पहिला अर्धाच भाग पोचतो. त्यामुळे इतक्या वर्षांनंतरही बायको बेकरीच्या ब्रेडकडे संशयाने पाहते. आईचा संशय तर त्याहून जुना. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या गोष्टी तिने लहानपणी ऐकल्या आहेत. "घरी केलेला चालेल," ती म्हणाली, "आपली विहीर नाहीच आहे."

स्वस्तातलं यंत्र निवडणं सोपं असतं, असं मला वाटलं होतं. न्यू जर्सीचा मेहुणा म्हणाला, "भाऊजी, घेऊ नका, इथे गॅरेज सेलमध्ये दहा डॉलरला मिळतं, मी आणतो." ते यंत्र १२० व्होल्टचं, आपली वीज २३० व्होल्टची, म्हणून तो बेत बारगळला. तिथले लोक ही यंत्रं दहा डॉलरला का विकून टाकतात, हा प्रश्न मला त्याच वेळी पडायला हवा होता.

दुकानात दोन यंत्रं होती. महाग यंत्राचं पातं मळणं झाल्यावर आपोआप आडवं पडत होतं. ६,४९९ रुपयांच्या यंत्राचं पातं ताठ उभं राहत होतं. "फरक काय पडतो?" मी विचारलं. "काही नाही साहेब, ब्रेड सेमच होतो," विक्रेता म्हणाला. त्याला एकोणीस प्रोग्रॅम तोंडपाठ होते. त्यात जॅम होता, दही होतं, पोळ्यांची कणीक होती. या घरात दही गेली चाळीस वर्षं यंत्राशिवाय लागतं आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. स्वस्तातलं घेऊन घरी आलो.

आता या पात्याविषयी. घरगुती ब्रेडचं यंत्र जपानमधल्या मात्सुशिता कंपनीने १९८०च्या दशकात बनवलं. सुरुवातीला यंत्राला पीठ नीट मळताच येईना. बाहेरून करपायचं, आत कच्चं राहायचं. मग कंपनीतल्या इकुको तनाका नावाच्या बाई ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या. बेकर पीठ नुसतं तिंबत नाही, ओढताना त्याला एक पीळ देतो, हे त्यांच्या लक्षात आलं. तो पीळ पात्याच्या फिरण्यात आणि भांड्याच्या आतल्या उभ्या कंगोऱ्यांत उतरवायला इंजिनिअरांना पुढे बराच काळ लागला. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ही कथा मोठ्या आदराने सांगतात आणि तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण तो बेकर पीठ मळून झाल्यावर हात बाहेर काढत असणार. भट्टीत पाव सरकवताना तो आपला पंजा आत ठेवून येत नसणार. आमच्या यंत्राने बेकरकडून सगळं शिकून घेतलं आणि हात काढायचं तेवढं राहिलं.

ठरवून पाडलेल्या भोकाला माझा विरोध नाही. गोव्यात कांकण मिळतं, बांगडीसारखं गोल आणि कडक. त्याचं भोक पोदेराने, म्हणजे तिथल्या बेकरने, स्वतः केलेलं असतं आणि चहात बुडवताना बोटाला उपयोगी पडतं. आमचं भोक कुणीच केलेलं नाही, ते पातं निघाल्यावर उरलेलं आहे. आईने पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि विचारलं, "मेदूवडा करायचा होता का?"

यंत्राबरोबर पाककृतींची पुस्तिका येते. तिच्यात 'स्ट्राँग फ्लोअर' मागितलं आहे. आमचा वाणी म्हणाला, "मैदा आहे, रवा आहे, बेसन आहे. यातलं कुठलं स्ट्राँग पाहिजे?" यीस्ट मागितलं तर त्याने बेकिंग पावडर दिली, ती परत केली तर इनो दिलं. शेवटी यीस्ट केकच्या सामानाच्या दुकानात मिळालं. ज्या दुकानात मी आजवर फक्त मुलीच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या आणायला गेलो होतो, तिथे आता मला नावाने ओळखतात.

मग बायकोसाठी गिरणीतलं गव्हाचं पीठ घालून पाहिलं. चक्कीच्या दगडात गव्हातला स्टार्च चांगला भरडून निघतो आणि असं पीठ पाणी जास्त पितं. पोळी मऊ राहते ती त्यामुळेच. पुस्तिकेतलं पाणी मात्र साता समुद्रापलीकडच्या पिठाच्या हिशोबाने असतं. त्यात कोंड्याचे कण वाढत्या ब्रेडला आतून ओरबाडतात. तीन तास चाळीस मिनिटांनी भांड्यातून जे निघालं ते दाराला लावायला ठीक होतं. पुढच्या वेळी पाणी वाढवलं, ग्लूटेनची पावडर घातली, तर झाकणापर्यंत फुगून शेवटच्या पंधरा मिनिटांत मधोमध बसलं. पावसाळ्यात पीठ हवेतलंच पाणी पितं म्हणून पाणी कमी करायचं, मे महिन्यात यीस्टला चेव येतो म्हणून पाणी फ्रिजमधलं घालायचं. हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवतो. मुलगी त्या वहीला 'पंचांग' म्हणते.

वीज गेली तर दहा मिनिटांपर्यंत यंत्र कुठे होतं ते लक्षात ठेवतं, असं खोक्यावर लिहिलं आहे. डोंबिवलीत जूनमध्ये वीज बाराव्या मिनिटाला येते. त्यानंतर यंत्र सगळं विसरून छान फुगलेलं पीठ पहिल्यापासून मळायला घेतं.

हिशोब मी केला आहे. दुकानातला ब्रेड पंचेचाळीस रुपयांना मिळतो. मैदा, यीस्ट, दूध पावडर, लोणी आणि वीज धरून घरचा तीस रुपयांना पडतो. एका ब्रेडमागे पंधरा रुपये वाचतात. आठवड्याला दोन केले तर यंत्राची किंमत चार वर्षं आणि काही आठवड्यांत वसूल होईल. वॉरंटी एक वर्षाची आहे.

सकाळी गरम ब्रेड हवा म्हणून टायमर लावायची कल्पना माझी. रात्री दहाला सामान घालायचं, कोरड्या पिठात खळगा करून त्यात यीस्ट ठेवायचं म्हणजे ते आधीच पाण्याला लागत नाही. साडेसहाला ब्रेड तयार. याचा अर्थ मळणं तीन वाजता सुरू होतं, हे आम्हाला पहिल्या रात्री तीन वाजता कळलं. पाऊण किलो पिठाचा गोळा भांड्यात आपटायला लागला की हलकं यंत्र ओट्यावर चालतं. आमचं सिंकपर्यंत गेलं. खालच्या मजल्यावरचे काका साडेसहाला वर आले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "रात्री खलबत्ता काढता का?"

काकांची समजूत काढायला त्या दिवशीचा अर्धा ब्रेड मी फडक्यात गुंडाळून त्यांना दिला. गरम होता, वास छान येत होता, काकू खूश झाल्या. दोन दिवसांनी पुन्हा ब्रेड लावायला घेतला तर भांड्यात पातं नाही. ओटा पाहिला, सिंक पाहिलं, कचरा पाहिला. पातं ब्रेडमध्ये रुतून काकांकडे गेलं होतं. सेवाकेंद्रात फोन केला तर पातं सुटं मिळत नाही, आख्खं भांडं घ्यावं लागतं, असं कळलं.

काकांनी पातं धुऊन, पुसून, शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवलं होतं. "परत देतो की," ते म्हणाले, "पण रात्री दहा ते सकाळी सहा ते आमच्याकडे राहील." मी मान्य केलं. नाही तरी दुसरं काय करणार होतो?

तेव्हापासून मी शनिवारी संध्याकाळी खाली जाऊन पातं आणतो आणि ब्रेड झाला की धुऊन परत देतो. मध्ये एकदा परत द्यायला सव्वादहा झाले, तर काका जिन्यात उभे होते. भोकवाल्या तीन स्लाइसही आता त्यांच्याकडेच जातात. त्यांना त्या आवडतात, खाचेत ठेचा भरून खातात.

परवा काका-काकू पंधरा दिवसांसाठी चिपळूणला गेले. पातं शोकेसमध्ये आहे, किल्ली त्यांच्याबरोबर आहे. सकाळी मी खाली उतरलो आणि नाक्यावरून लादी पाव घेऊन आलो. आईने एक पाव उचलला, उलटा करून बूड पाहिलं आणि न बोलता चहात बुडवला.