इबू हटेला आणि इतर सज्जन

२०२१ साली ‘मार्व्हल’च्या ‘इटर्नल्स’मध्ये हरीश पटेल पडद्यावर आले, तेव्हा अख्ख्या थिएटरात मी एकटा टाळ्या वाजवत होतो. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, ‘‘तुमच्यापैकी कोणी आहेत का?’’ बाकीच्यांच्या लेखी ते एका अतिमानवाचे प्रेमळ सेवक होते. मला मात्र समोर साक्षात इबू हटेला दिसत होता, आणि तो हॉलिवूडपर्यंत पोचलेला पाहून ऊर भरून आला होता.

इबू हटेला ज्यांना ठाऊक नाही, त्यांचं आजवरचं आयुष्य सरळमार्गी गेलं असणार. १९९८ साली कांती शहा यांनी ‘गुंडा’ नावाचा सिनेमा काढला. नायक मिथुन चक्रवर्ती, म्हणजे मृणाल सेनांच्या ‘मृगया’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला आणि पुढे दादासाहेब फाळके पुरस्काराचाही मानकरी झालेला नट. मुख्य खलनायक बुल्ला, म्हणजे मुकेश ऋषी. पोते नावाच्या गुंडाच्या भूमिकेत आपले मोहन जोशी, आणि इबू हटेला नावाच्या गुंडाच्या भूमिकेत हरीश पटेल. शक्ती कपूर यांच्या पात्राचं नाव इथे छापता येणार नाही, संपादक घरंदाज आहेत. कथा विचाराल तर बुल्ला नायकाची माणसं मारतो आणि नायक बुल्लाची. शेवटच्या मारामारीत रिक्षांचा ताफा चालून येतो आणि नायक रॉकेट लाँचर काढतो. मीटरने यायला नकार देणाऱ्यांबद्दल इतकी स्पष्ट भूमिका घेणारा दुसरा भारतीय चित्रपट माझ्या पाहण्यात नाही.

पण ‘गुंडा’ची खरी श्रीमंती त्याच्या बोलण्यात आहे. इथे गुंड आला की आधी कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, आपलं नाव सांगतो आणि त्याला यमक जुळवून चारित्र्याचा दाखला देतो. सिनेमा म्हणून पाहिलं तर हे अचाटच आहे. पण दशावतारात, लळितात तरी दुसरं काय होतं? सोंग येतं, आपण कोण ते ठणकावून सांगतं, मग पुढच्या उद्योगाला लागतं. राक्षसाने आपली ओळख हळूहळू उलगडत न्यावी अशी अपेक्षा तिथे कोणी करत नाही. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांतल्या पोरांनी ‘गुंडा’ डोक्यावर घेतला तो टिंगल करायला; पण टिंगल करता करता त्यांना संवाद तोंडपाठ झाले. पाठ झालेल्या गोष्टीची टिंगल फार दिवस टिकत नाही, हे आरती म्हणणाऱ्या कुठल्याही नास्तिकाला विचारा.

बायकोचं म्हणणं, मला वाईट सिनेमे आवडतात. हा आरोप मला मान्य नाही. वाईट सिनेमे मला तिच्याइतकेच रटाळ वाटतात. त्यातले बरेचसे आम्ही जोडीने, पूर्ण तिकीट काढून पाहिलेले आहेत. मला हवा असतो विचित्र सिनेमा, आणि त्याची अट एकच. सेटवरच्या एकालाही आपण विचित्र काही करतोय याचा संशय येता कामा नये. हल्ली मुद्दाम वेडेपणा करून ‘कल्ट’ व्हायला निघालेले सिनेमे येतात. त्यातला नट आतून हसत असतो, ते लगेच कळतं. मोहन जोशी ‘पोते’ करताना हसत नाहीत. रंगभूमीवर उभं राहावं तितक्याच निष्ठेने ते तिथे उभे असतात.

भयपट काढणारे रामसे बंधूही असेच गंभीर. त्यांच्या वडिलांचा १९७०चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण चोरी करायला भयानक मुखवटा घालून आलेल्या पृथ्वीराज कपूरना पाहायला लोक पुन्हा पुन्हा येत होते, हे पोरांच्या लक्षात आलं. कपूरांच्या अभिनयाचं काय करायचं हा प्रश्न त्यांना पडला नसावा. त्यांनी मुखवटा उचलला. बिऱ्हाड घेऊन महाबळेश्वर गाठलं आणि १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. भाऊ सात. कोणी कॅमेरा, कोणी आवाज, कोणी संकलन, दोघे दिग्दर्शक. भुतं कमी पडली असतील, भाऊ कधी पडले नाहीत.

या छंदात मला खरा सोबती मिळाला तो मामा. कोषागारातून निवृत्त झालेला माणूस. आमच्याकडे राहायला आला असताना मी त्याला थेट कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ लावून दिला. हा सिनेमा तयार झाला १९८८ साली आणि थिएटरला लागला २०१४ साली; मधल्या काळात जाणकार त्याच्या कॅसेटी एकमेकांना गुपचूप पोचवत. अजमेर-पुष्करकडची गोष्ट. त्यात बेडकांच्या पोटात हिरे असतात, ओम नावाचा मुलगा पाण्याखाली श्वास रोखून धरण्यात पटाईत असतो, आणि एका दृश्याचा पुढच्या दृश्याशी संबंध असलाच तर तो दूरच्या सोयरिकीचा. फिल्म क्लबातली मंडळी यावर तासन्‌तास बोलतात. मामाने मात्र सगळा सिनेमा पाठीला टेका न देता पाहिला आणि विचारलं, ‘‘त्या ओमचे बाबूजी सरकारी नोकरी सोडून ज्योतिषाच्या मागे लागले, ते पेन्शनला पात्र झाल्यावर की आधीच?’’

मी थक्क झालो. इतकी वर्षं आम्ही त्या बेडकांचे अर्थ लावत बसलो होतो. मामाने बेडूक, हिरे सगळं जसंच्या तसं मान्य करून टाकलं होतं आणि राहिलेल्या शंकेकडे वळला होता. दुसऱ्या दिवशी ‘गुंडा’ झाला. बुल्लाची यमकं त्याला मुळीच खटकली नाहीत. ‘‘माणूस एवढी पोरं पोसतो,’’ तो म्हणाला, ‘‘तर आस्थापना खर्च कुठून भागवतो रे?’’

आता मामा गावी परतलाय आणि तिथे नातवाच्या मोबाइलवर रामसेंपर्यंत पोचलाय. परवा रात्री अकराला फोन. नुकताच ‘पुराना मंदिर’ संपला होता. सामरी राक्षसाचं मुंडकं एकीकडे, धड दुसरीकडे, शाप दोनशे वर्षांचा, हे सगळं त्याने मला इत्थंभूत सांगितलं. घाबरलास का, म्हणून विचारलं.

‘‘घाबरायचं काय त्यात? पण ती हवेली इतकी वर्षं बंद आहे, तर घरपट्टी कोण भरतंय?’’

‘‘ठाकूर भरत असतील, मामा.’’

‘‘पावती दाखवली का कुठे? नाही ना? मग त्या राक्षसाने एवढ्या वर्षांत ताबा दाखवून स्वतःचं नाव कसं नाही लावून घेतलं?’’