भिंगोबा

आकाशदर्शनाच्या रात्री भिंगोबा ओळखायला सोपा. वांगणीच्या माळावर जमलेल्या सगळ्यांच्या माना वर असतात आणि एकाचीच खाली, उघड्या पेटीत असते, तो भिंगोबा. पेटी ॲल्युमिनियमची. आत काळा स्पंज, स्पंजात ब्लेडने कापलेले गोल खड्डे आणि खड्ड्याखड्ड्यात एकेक आयपीस, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावायचं भिंग. कपाळाला लाल दिवा. अंधाराला सरावलेली नजर पांढऱ्या उजेडाने क्षणात जाते आणि परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात, त्यामुळे कुणी मोबाइल उघडला की तो असा काही ओरडतो की वांगणीची कुत्रीदेखील भुंकायची थांबतात.

वय पन्नाशीच्या पुढचं. नोकरी बँकेत नाहीतर टेलिफोन खात्यात झालेली, मुलं मार्गी लागलेली, कंबर अजून धड. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची, मुंबईचं खगोल मंडळ १९८५चं; तेव्हा महाराष्ट्रात भिंगोबांच्या दोन-तीन पिढ्या तरी होऊन गेल्या असणार. जुन्या पिढीचे भिंगोबा आरसे घासायचे. काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, असं महिनोन्‌महिने. आताचा भिंगोबा कुरियरची वाट बघतो. दुर्बीण त्याच्याकडेही असते, नाही असं नाही; पण आयपीस खोचायला काहीतरी लागतं म्हणून.

त्याची खरी कळी खुलते ती नवशिक्या भेटला की. नवशिक्याने नुकतीच पाच इंची दुर्बीण घेतलेली असते. १३० मिलिमीटरचा आरसा, ६५० मिलिमीटरचं नाभीय अंतर, आणि खोक्यातच २५ आणि १० मिलिमीटरचे दोन आयपीस. बिचारा सहज विचारतो, ‘काका, याच्याबरोबर अजून काय काय घ्यावं लागेल?’

भाचीला साजेसं स्थळ सापडलेल्या मावशीच्या तोंडावर येतं तेच तेज भिंगोबाच्या तोंडावर येतं.

‘६५०ला २५ने भाग. किती?’

‘सव्वीस.’

‘म्हणजे २६ पट. दहाने भाग.’

‘पासष्ट.’

‘मग सव्वीस आणि पासष्टच्या मध्ये काय आहे तुझ्याकडे?’

मध्ये काही असायला हवं हेच नवशिक्याला तोवर माहीत नसतं. त्या रात्रीपासून मात्र त्याची झोप उडते. मधल्या जागेसाठी १७चा, १७ आणि १०च्या मध्ये १२चा, पासष्टच्या वर ८, ६ आणि ५, सव्वीसच्या खाली ३२. खरं म्हणजे दोनपट बार्लो भिंग घेतलं की २५चा साडेबारा होतो आणि १०चा ५; एका नगात दोन आयपीसांची सोय. भिंगोबाला हे कळत नाही थोडंच? तो बार्लो सुचवतोही, पण सगळे आयपीस सांगून झाल्यावर, ‘शिवाय’ म्हणून.

सल्ला देताना तो वय विचारतो. त्यामागे शास्त्र आहे. ३२चा आयपीस एफ ५च्या (६५० भागिले १३०) दुर्बिणीला लावला तर बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका ३२ भागिले ५, म्हणजे जवळजवळ साडेसहा मिलिमीटर जाड असते. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. उतारवयात पाचाच्या आसपासच थांबते. उरलेला प्रकाश बुबुळावर सांडतो. हे सगळं ठीक आहे, पण शाळेच्या सहलीबरोबर आलेल्या बाईंना, नाव विचारायच्या आधी, ‘तुमचं वय काय?’ असं काळोखात विचारायचं म्हणजे! त्या बाई पुन्हा काही आल्या नाहीत. भिंगोबाचा निष्कर्ष असा की त्यांना २५चा पुरला असता.

चष्मेवाल्यांची तो निराळी चौकशी करतो. दहाचा साधा, प्लॉसल जातीचा आयपीस घेतला तर डोळा भिंगाला जवळजवळ चिकटवावा लागतो, चष्मा मध्ये येतो आणि दिसतं ते अर्धंच. म्हणून चष्म्यासकट बघायचं तर डोळा पंधरा-वीस मिलिमीटर लांब ठेवूनही सगळं दिसेल असा आयपीस घ्यावा. हा त्याचा सल्ला सोळा आणे खरा. पण नंबर नुसता जवळचा-लांबचा असेल तर चष्मा काढून ठेवायचा आणि फोकसची खुंटी फिरवायची, काम भागतं. चष्मा लागतो तो सिलिंडरचा नंबर असणाऱ्यांना. एवढं सांगायला एक मिनिट पुरतं, म्हणून भिंगोबा सांगत नाही.

त्याचं देवघर निराळं. व्हिएन्नाच्या प्लॉसलने १८६०मध्ये दोन जोडभिंगं समोरासमोर ठेवून आयपीस केला, त्याला रोजचा नमस्कार. पण कुलदैवत म्हणजे अल नॅगलर. अपोलोच्या अंतराळवीरांना चंद्रावर उतरायचा सराव देणाऱ्या यंत्रांची भिंगं आखणारा हा गृहस्थ पुढे ८२ अंशांचा आयपीस घेऊन आला. भोकातून बघतोय असं न वाटता खिडकीतून वाकून बघतोय असं वाटावं इतका तो रुंद. भिंगोबा ‘ब्याऐंशी अंश’ म्हणताना डोळे मिटतो. किंमत विचारलीत तर उघडतो. तेवढ्या पैशांत नवशिक्याची दुसरी दुर्बीण येते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

जॉन डॉब्सनचं नाव निघालं की मात्र त्याचा गळा दाटतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठातला संन्यासी, फुकटच्या काचांचे आरसे घासायचा, पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या दुर्बिणी करायचा आणि फुटपाथवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवायचा. भिंगोबा ही गोष्ट फार चांगली सांगतो. त्या संन्याशाने पहिली दुर्बीण केली तेव्हा भंगारच्या दुकानातलं भिंग आणि जुन्या बायनॉक्युलरचा आयपीस वापरला होता, आणि त्यातून त्याला शनीचं कडं दिसलं होतं, एवढा भाग तो जरा घाईने उरकतो.

भिंगोबाचा हंगाम पावसाळा. जून ते सप्टेंबर आभाळ बंद, म्हणजे खरेदी उघडी. अमेरिकेतला भाचा जुलैत येतो, तेव्हा त्याच्या सामानात मामासाठी चॉकलेटं नसतात; किलोभर वजनाचा, दोन इंची नळीचा एक काळा गोळा असतो आणि विमानतळावर तो गोळा म्हणजे काय हे पोराला दोनदा समजावून सांगावं लागतं. वहिनींना सांगायच्या किमतीतलं एक शून्य मध्येच गळतं. आणि हा माणूस पत्रिकेवर, मुहूर्तावर मनसोक्त हसणारा. पण नवा आयपीस घरात आला की आठवडाभर ढग येतात यावर त्याची गाढ श्रद्धा आहे. जुलैत आणल्यावर दुसरं काय येणार?

पावसाळ्यातली दुसरी भीती बुरशीची. मुंबई-कोकणच्या दमट हवेत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बुरशी चढते आणि काचेवरचा लेप खाते. त्यामुळे बुटांच्या खोक्यातल्या, औषधांच्या डब्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या या घरात कुणी फेकत नाही. स्वयंपाकघरातले घट्ट झाकणाचे डबे एकेक करून पेटीकडे सरकतात. ‘अहो, रव्याचा डबा कुठाय?’ या प्रश्नाला ‘त्यात नऊचा आहे’ असं उत्तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

आयपीस पुसताना त्याला बघावं. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवायची. मग मऊ केसांच्या ब्रशने, अगदी हलक्या हाताने. मग भिंगाच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब. थेंब कागदावर, काचेवर नाही! कागद मधून बाहेर गोल फिरवायचा, दाबायचा नाही, आणि पुन्हा वापरायचा नाही. एवढं सगळं करून तो आयपीस दुर्बिणीला लावतो आणि रांगेतली पहिलीच मुलगी डोळ्यांत काजळ घालून आलेली असते.

इथे एक गोष्ट त्याच्या पदरात टाकलीच पाहिजे. खेळण्यांच्या दुकानातून वाढदिवसाला आलेली दुर्बीण कुणी घेऊन आलं की भिंगोबा खोकं हातात घेतो. खोक्यावर ‘५२५ पट’ असं छापलेलं असतं. ७०० मिलिमीटरला ४ मिलिमीटरच्या आयपीसने भागायचं, आलेल्या १७५ला तीनपट बार्लोने गुणायचं, झाले ५२५. हिशेब बरोबर, दुर्बीण ७६ मिलिमीटरची. मिलिमीटरला दोनपट या ढोबळ नियमाने तिला दीडशेच्या वर काही झेपत नाही; त्यापुढे दिसतं ते मोठं आणि अंधूक डबकं. यावर तो हसत नाही. मुलाला जवळ घेऊन सांगतो, सगळ्यात मोठ्या आकड्याचा आयपीस लाव, चंद्र बघ. मग खोक्यातली एक गडद काच उचलतो. आयपीसला लावायचा सूर्याचा फिल्टर. सगळा प्रकाश एकवटतो त्याच जागी ही काच बसवायची. उन्हाने तापून ती तडकली तर पुढे फक्त डोळा. भिंगोबा ती बुटाखाली ठेवतो, टाच देऊन फोडतो, तुकडे कागदात गुंडाळून खिशात घालतो आणि मुलाच्या बापाला दम भरतो की सूर्य बघायचाच तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसणारा, खात्रीचा फिल्टर आण, नाहीतर बघू नकोस. त्याच्या तिन्हीत्रिकाळ चाललेल्या खरेदी-सल्ल्यात फुकट दिलेला हा एकच, आणि सगळ्यात मोलाचा.

प्लास्टिकचं बुटकं स्टूल मात्र त्याच्या यादीत कधीच नसतं. बसून, श्वास सावरून, त्याच आयपीसातून पाच मिनिटं बघितलं तर गुरूवरचे पट्टे एकाचे दोन आणि दोनाचे चार होतात. पण स्टुलाला अंश नसतात.

मध्यंतरी डोंबिवलीच्या एका गच्चीवर आमच्या नवशिक्याने सोसायटीच्या लोकांसाठी दुर्बीण लावली. खोक्यातलाच १०चा आयपीस, पासष्ट पट, आणि मधोमध शनी. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी वाकल्या. ‘अगं बाई! खरंच की, कडं आहे!’

‘आजी, हे काहीच नाही,’ मागून आवाज आला. ‘थांबा जरा.’

आयपीस निघाला. बार्लो लागला, त्यावर ५चा. झाले २६० पट. दिवसभर तापलेल्या स्लॅबची वाफ वर येत होती, शनी ताटलीतल्या जेलीसारखा थरथरत होता, आणि मोटर नसल्यामुळे फोकस लागेपर्यंत तो पलीकडून निघून गेला. पृथ्वी काही कुणासाठी थांबत नाही. एवढ्या पटीला ग्रह मिनिटाभरात नजरेबाहेर जातो. रांग जिन्यापर्यंत गेली. कुणाचं दूध उतू जायची वेळ झाली. भिंगोबा शांतपणे म्हणाला, ‘शोधायला रुंद क्षेत्र पाहिजे,’ आणि पेटीतून भाच्याने आणलेला तो किलोभराचा गोळा काढला. गोळा दोन इंची, दुर्बिणीची आयपीस खोचायची नळी सव्वा इंची. त्याने तो सरळ धरून बघितला, तिरका धरून बघितला. मग दुर्बिणीकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘अरे,’ तो नवशिक्याला म्हणाला, ‘दुर्बीण बदल.’

‘ते मघाचंच लावता का हो?’ आजी म्हणाल्या. ‘सुनेला वर बोलावलंय.’

‘मघाचं म्हणजे? ते खोक्यातलं?’ भिंगोबाने आजींकडे दयेने पाहिलं, नवशिक्याला कठड्यापाशी नेलं आणि विचारलं, ‘आठ इंची घ्यायची तर बजेट किती आहे तुझं? आयपीस सोडून.’