रिकामी दोरी

माझ्या लहानपणी सोलापुरात खरंखुरं धनुष्य एकाच माणसाकडे दिसायचं, पिंजाऱ्याकडे. उन्हाळ्यात तो गल्लीत आला की अंगणात गाद्या उसवल्या जायच्या आणि धनुकलीची तात वाजू लागायची. लाकडी मोगरीनं तो ती छेडायचा आणि वर्षभर माणसांखाली दबून ढेकूळ झालेला कापूस सुटा होऊन उडायचा. रामायणाच्या चित्रांवर वाढलेले आम्ही विचारायचो, "चाचा, बाण कुठाय?" चाचा नाकावरचं फडकं सारून म्हणायचा, "बाण लागत नाही."

वयाच्या 52व्या वर्षी मी बांबूचं धनुष्य चालवायला शिकू लागलो, याला कारण माझं तोंड. 2023 मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी 17व्या वर्षी बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हा मी शेंगाचटणी-भाकरी खात म्हणालो, "त्यात काय, नेम तर धरायचा." घरातल्यांनी ते लक्षात ठेवलं.

अदितीचं धनुष्य कंपाउंड. त्याला चक्रं असतात. दोरी पुरती ओढली की हातावरचा बराचसा भार उतरतो. बांबूचं धनुष्य याच्या उलट. ओढावं तितकं जड होत जातं, सकाळी नऊनंतरच्या आमच्या उन्हासारखं. नेम धरायला त्यावर काही साधनही नसतं. 122 सेंटिमीटरचं लक्ष्य 30 मीटरवरून हात लांब करून धरलेल्या रुपयाएवढं दिसतं. माझे बाण त्याला वळसा घालून जात. बरोबरची पोरं सातवी-आठवीतली. एक मुलगी रोज ओरडायची, "काय करलालाव काका! कोपर वर घ्या की!"

बाणाच्या वर तर्जनी, खाली दोन बोटं, अशी दोरी धरायची. अंगठ्याला काम नाही. मला आधी एकलव्याची हळहळ वाटली. ही पद्धत असती तर दक्षिणा देऊनही त्याचं अडलं नसतं. मग आठवलं, महाभारतात तो नंतर उरलेल्या बोटांनी बाण मारतोच, फक्त पूर्वीचा वेग राहत नाही. म्हणजे दहाही बोटं शाबूत असलेले आम्ही सगळे उत्तरार्धातले एकलव्य. वेग नसण्याचं कारण निदान माझ्यापुरतं तरी मिळालं.

सरांचा एक नियम मात्र कडक: बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही. बाण असला की ओढीचा जोर घेऊन तो निघून जातो. नसला की तो सगळा जोर धनुष्याच्याच अंगात जिरतो आणि बांबू तडकू शकतो. मला लगेच चाचा आठवला. जन्मभर त्यानं रिकामी तात वाजवली, धनुकलीला काही झालं नाही! पुष्कळ विचारांती उमगलं, की त्यानं ती ओढली कुठे होती? नुसती छेडली होती. हे मी सरांना उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "काका, बाण लावा."

दोन महिन्यांनी स्वतःचं धनुष्य घेऊन मी घरी आलो. डाव्या हाताला दोरीचे फटके बसून कोपरापर्यंत जांभळं झालेलं. बायकोनं आधी हाताला हळद लावली, मग धनुष्य निरखलं.

"अहो, याचे बाण कुठायत?"

"उद्या मिळतील."

"राहू द्या. माळ्यावर दोन गाद्या आहेत, त्यांना बाण लागत नाही."