चार माध्यमांची गोधडी

(खोडाळा. श्रावण. दोरीवरची लुगडी वाळायची सोडून आणखीच भिजताहेत. पडवीत मुंबईहून आलेली ताई, गोधडी शिवणारी आजी आणि कोपऱ्यात मशीन घेऊन बसलेला शिंपी.)

ताई : आजी, ही नुसती गोधडी नाही बरं का. मिक्स्ड मीडिया! रंग, ठसे आणि धागा, तीन माध्यमं एकत्र.

आजी : माझ्या गोधडीत चार आहेत. सासूचं लुगडं, म्हाताऱ्याचं धोतर, नातवाचा शाळेचा सदरा आणि आत निवडणुकीचे झेंडे. दोन पक्षांचे.

ताई : दोन पक्ष? एकाच गोधडीत?

आजी : वरनं टाका घट्ट असला की नांदतात.

ताई : (आपलं कापड उलगडत) हे माझं. मधे तारपावाला, भोवती नाच. अॅक्रिलिकचे तीन हात दिलेत.

आजी : (चिमटीत धरून) अगं बाई, हा तर बोहाड्याचा मुखवटा झाला! सुई घालून बघते हां... मोडली.

शिंपी : माझ्याकडं सोळा नंबरची सुई आहे. ती जाईल.

आजी : जाईल, पण भोक राहील. रंगाला पडलेलं भोक बुजत नाही. बाई, कापडाची खळ काढलीस?

ताई : अहो, नवं कोरं आहे.

आजी : म्हणून तर विचारते. खळीवर लावलेला रंग वरच्यावर राहतो, सुतात शिरत नाही. शिवाय गोधडी धुतली की कापड आटणार. आधी धू, वाळव, मग अस्तर लावून पांढरंच शिव. टाक्यांनी खळगे पडतात. मग पातळ रंग फिरव. तो आपला आपण खळग्यात जाऊन बसतो.

ताई : (वहीत लिहीत) आधी टाका, मग रंग. आणि मग उलट बाजूनं इस्त्री, म्हणजे रंग पक्का.

शिंपी : वीज सकाळीच गेली. कोळशाची इस्त्री आहे. पण कोळसा भिजलाय.

ताई : ठशांचं तरी करू. भेंडी कापून आणलीय.

आजी : ती भाजीला दे. सागाचं कोवळं पान घे, हातावर चोळ.

ताई : अय्या, लाल! याचाच ठसा घेऊ. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवलं की रंग धरतो म्हणतात. हळदीचा पिवळाही घालू?

आजी : हळद उन्हात उडते.

शिंपी : इथं ऊन कुठाय? खुशाल घाला.

ताई : पांढऱ्यासाठी मात्र अस्सल तांदळाचं पीठ हवं. पाणी, डिंक आणि चावून मऊ केलेली बांबूची काडी.

आजी : गोधडीवर तांदळाचं पीठ? रात्रीत उंदीर येतील.

ताई : पण तुमच्याकडे भिंतीवर तर चित्रं पिठानंच काढतात!

आजी : भिंत कोणी धुवत नाही, घडी घालून पेटीत ठेवत नाही. लग्न निघालं की भिंत शेणानं सारवायची, गेरू लावायचा, सवाशिणींनी चौक काढायचा, मधे पालघाट देवी बसवायची. लग्न झालं, काम झालं. पुढं उडू दे की. तू मात्र भिंतीवरचं गोधडीवर आणलंस. आता ही गोधडी कुठं घालायची?

ताई : भिंतीवर.

(शिंप्याचं मशीन थांबतं.)

आजी : म्हणजे भिंत अंगावर आणि गोधडी भिंतीवर.

ताई : आजी, कला अशीच पुढे जाते. डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे भिंत सोडून कागदाकडे, कापडाकडे वळले. जगभर नाव झालं. २०११ साली पद्मश्री मिळाली.

आजी : मोठा माणूस. पण बघ, भिंत होती तोवर काढायच्या बाया. कागद आला, कागदामागनं पैसा आला, तसे पुरुष बसले काढायला.

शिंपी : मी काही म्हणालो का?

आजी : तू शिव. गोधडीला अजून पैसा नाही, म्हणून ती बायांकडंच आहे.

ताई : येईल ना! प्रदर्शनात लावू. खाली पाटी असेल : ‘कृपया हात लावू नये’.

आजी : मग थंडीत काय करायचं? समोर उभं राहून कुडकुडायचं?

ताई : पाटीवर तुमचंही नाव घालीन. संकल्पना माझी, टाके तुमचे.

आजी : नाव राहू दे, मजुरी सांग.

ताई : विकली गेली तर निम्मे पैसे तुमचे.

आजी : आणि नाही गेली तर?

ताई : तर... गोधडी तुमची.

आजी : (नवी सुई ओवत) मग बाई, रंग अगदी पातळ लाव, अंगाला टोचता कामा नये. आणि किंमत? ती मात्र चांगली दणदणीत लाव!