खालची ओळ

दिवाळीला भाचा पुण्याहून मोझरीला आला तो लॅपटॉप घेऊनच. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी ओसरीत त्याची मीटिंग सुरू झाली. मी बाजूला बसून सोयाबीनच्या हिशोबपट्ट्या तारखेनं लावत होतो आणि शेजारचे आबाजी ओट्यावर सुपारी कातरत होते. भाच्याच्या तोंडून ‘बॉटम लाईन’ आली की आबाजींचा अडकित्ता थांबे. ‘लाँग स्टोरी शॉर्ट’ आलं की पुन्हा थांबे. त्यांना इंग्रजी येत नाही, पण आता काहीतरी महत्त्वाचं येतंय, हे आवाजावरून माणसाला कळतंच. पाऊण तासात अडकित्ता दहा-बारा वेळा थांबला असेल. शेवटी लॅपटॉप मिटला.

“मंग, काय ठरलं बापू?”

“गुरुवारी परत मीटिंग आहे, आबाजी.”

“अन् ते एंड आप द डे, एंड आप द डे म्हनत होता, ते काय?”

“म्हणजे दिवस संपल्यावर. तसं काही नसतं, बोलायची पद्धत आहे.”

“आमच्या इथं दिवस बुडाल्यावर प्रार्थना असते,” आबाजी म्हणाले, आणि सुपारीकडे वळले.

भाच्याला मी दोष देत नाही. मुद्दा सांगायचा म्हटला की इंग्रजाकडे शब्दांचा तोटा नाही. त्याचा ‘क्रक्स’ हा लॅटिनमधला क्रूस. ‘जिस्ट’ कोर्टातून आला, जुन्या फ्रेंच दाव्यांच्या भाषेतून: हा दावा अमुक गोष्टीवर उभा आहे, असं सांगायची ती तऱ्हा. ‘कट टू द चेस’ मूकपटांच्या जमान्यातलं आहे, गोडगोड प्रसंग कापा आणि पाठलाग दाखवा. आणि ‘बॉटम लाईन’ तर सरळ वाण्याच्या वहीतली, नफातोट्याची शेवटची ओळ. प्रत्येक शब्दामागे एक धंदा आहे, आणि त्या धंद्यात तो शब्द चोख होता. कोर्टात दावा खरंच कशावर तरी उभा असतो आणि वहीत खालच्या ओळीवर खरंच आकडा असतो. मीटिंगमध्ये ओळ असते, आकडा गुरुवारी.

माझ्या मांडीवर होती ती खरी बॉटम लाईन. पातळ कागद, निळ्या कार्बनची अक्षरं अर्धी उमटलेली. वर वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, आणि तळाशी देय रक्कम. तिथं नेमका अडत्याचा शिक्का बसलेला, म्हणून आकडा वाचायला कागद उजेडात धरावा लागतो. माझे वडील पट्टी हातात आली की वरचं काही वाचत नसत. अंगठा सरळ तळाला. आमच्याकडे अख्ख्या हंगामाचं तात्पर्य दोन शब्दांत विचारतात: हातात किती? कापसाचं त्याहून थोडक्यात. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, सेंटरवर गाडी लागली की प्रश्न एकच, ओलावा किती? आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, तिथून बारापर्यंत कपात, त्यावर गेला की गाडी परत. त्या रांगेत ‘बेसिकली’ म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

मराठीचं कोठारही काही रिकामं नाही. मर्म, मेख, गाभा, कळीचा मुद्दा. ताक घुसळून वर येतो तो मथितार्थ. भिंतीला ओल कुठून येते हे शोधताना सापडतं ते ‘पाणी कुठं मुरतं’. माझा जीव मात्र ‘गोम’वर. घोड्याच्या, बैलाच्या अंगावर केसांचा भोवरा असतो, ती गोम. ती कुठं आहे यावर जनावर लाभी की खोडीचं, ते जुने लोक ठरवत. बैलबाजारात गिऱ्हाईक गप्प असतं. विकणारा बैलाच्या सात पिढ्या सांगतो आणि हा आपला तळवा केसांच्या उलट दिशेनं फिरवत राहतो, वशिंडापासून शेपटीपर्यंत. एका जागी हात थांबतो. तिथून भाव उतरतो. गोम लाभी-खोडीची ठरवणं खुळचट असेल, पण मुद्दा शोधायची रीत बघा: बोलणाऱ्याला बोलू द्यायचं आणि हात फिरवायचा.

आता कुणी मायमराठीचा झेंडा घेऊन उठेल, म्हणून सांगतो. ‘मी फार वेळ घेणार नाही’ हे वाक्य शुद्ध मराठी आहे. ‘मुद्द्याचंच बोलतो’ हेही. शासन निर्णय उघडा: आधी संदर्भ, मग प्रस्तावना, मग दीड पान सरकारची तळमळ, आणि गोम शेपटाशी, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’. ही मंत्रालयाची बॉटम लाईन. भाच्याच्या कंपनीनं निदान ती आधी सांगायचं नाटक तरी केलं.

ग्रामसभेचा तर नमुनाच ठरलेला. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, आलेल्या पत्रांचं वाचन, जमाखर्चाला मंजुरी, आणि सर्वांत खाली ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. नळाला पाणी का नाही, घरकुलाच्या यादीत पक्क्या घरवाल्याचं नाव कसं, पाणंद रस्ता कुणी नांगरला, हे सगळं त्या शेवटच्या ओळीत राहायला असतं. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यापैकी कमी असेल तेवढी हजर पाहिजेत, नाही तर सभा तहकूब. तेवढी जमतात, इतिवृत्त ऐकून पांगतात, आणि ऐनवेळचा विषय येतो तेव्हा सतरंजी झटकली जात असते.

इंग्रजांचं घर नीटनेटकं आहे असंही समजू नका. लिव्हरपूलच्या क्रिसी मेहर या बाईला पोरवयात धड वाचता येत नव्हतं. मोठी झाल्यावर तिनं १९७९ मध्ये लंडनला पार्लमेंटसमोरच्या चौकात सरकारी अर्जांच्या चिंध्या केल्या, कारण ते गरिबाला कळत नव्हते. तिथून तिची साध्या इंग्रजीची चळवळ उभी राहिली. या चळवळीनं २००४ मध्ये लोकांना विचारलं, सर्वांत डोक्यात जाणारा वाक्प्रचार कोणता? पहिला नंबर ‘ॲट द एंड ऑफ द डे’चा. तिकडे बदनाम झाल्यावर तो आपल्याकडे आला. जुनी यंत्रंही आपल्याकडे अशीच येतात.

आणि हे सगळं घडतंय कुठं, तर मोझरीत. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या या गावात १९३५ मध्ये तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम काढला. खंजिरी वाजवून त्यांनी खेड्याला खेड्याचंच दुखणं सांगितलं. समोर बसलेले कोण? दिवसभर निंदण करून आलेली माणसं, अंग आंबलेलं, डोळ्यांवर झोप. पहिल्या दोन ओळींत पकडलं नाही, तर ती जागच्या जागी आडवी होणार. म्हणून भजनात मुद्दा ध्रुपदातच असायचा, आणि तो परत परत यायचा.

महाराजांच्या ग्रामगीतेचे अध्याय ४१. नुसती अनुक्रमणिका चाळा. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, जीवनशिक्षण, महिलोन्नती. एकाही नावाला स्पष्टीकरण लागत नाही. ‘प्रारब्धवाद’ही तिथं आहे आणि ‘प्रयत्नप्रभाव’ही. दोन नावं वाचली की महाराजांचा कौल कुणाकडे, ते ओव्या न वाचताच कळतं. (ओव्या वाचा मात्र. अनुक्रमणिकेवर भाषण ठोकणारे आधीच पुष्कळ आहेत.) असा ग्रंथ ज्या गावात निघाला, तिथल्या ओसरीत पोरगं ‘टू बी व्हेरी प्रिसाइज’ म्हणून वीस मिनिटं बोलतं, आणि आबाजी कान देऊन बसतात, यावर काय म्हणावं!

पुण्यतिथीचा महोत्सव दिवाळीच्या थोडा आधी असतो. लाखोंनी माणूस येतो, रस्ते पायी माणसांनी भरतात. मंडप आला की पाहुणे आले, पाहुणे आले की भाषणं आली. मी एकदा एका पाहुण्याच्या भाषणात ‘थोडक्यात’ हा शब्द बोटांवर मोजायला घेतला होता. दोन्ही हात संपले, तेव्हा सोडून दिलं.

पण महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ ला देह ठेवला तो दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. पुण्यतिथीला त्याच मिनिटाला मौन श्रद्धांजली असते. एवढा मोठा जमाव, त्यात कडेवरची पोरं, दिंडीतले टाळकरी, खेळणीवाले, आणि सगळं एकदम थांबतं. मग झेंड्याच्या कापडाची फडफड ऐकू येते, आणि कुणाच्या तरी झोळीतली खंजिरी हलली तर तिची झांजही.

म्हणून आयोजकांना एक विनंती आहे. पुढच्या वर्षी ज्या पाहुण्याला फार वेळ घ्यायचा नसेल, त्याला साडेचारला माईक द्या. ४ वाजून ५८ मिनिटांनी काही केल्या थांबावंच लागतं.